कोथरूडमधील एक घरगुती पाळणाघर: आईच्या बाजूने केलेले परीक्षण

पाळणाघराविषयी पालक जे अभिप्राय लिहितात त्यांत जागा स्वच्छ आहे का, कॅमेरे बसवले आहेत का, जेवण ताजे असते का आणि मावश्या मायाळू आहेत का, या चौकशा हमखास असतात, आणि त्या असायलाच हव्यात. परंतु या सेवेचे गिऱ्हाईक एकटे मूल नसते. मुलाला तिथे सोडून कामावर गेलेली बाई पुढचे आठ-दहा तास कोणत्या मनःस्थितीत काढते हेही पुष्कळसे त्या पाळणाघराच्या कारभारावर ठरते, आणि त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आमची मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून पुण्यात कोथरूडमधील एका घरगुती पाळणाघरात जाते; आता ती अडीच वर्षांची आहे. हे परीक्षण मी प्रामुख्याने नोकरी करणाऱ्या आईच्या सोयी-गैरसोयीच्या आणि स्वास्थ्याच्या अंगाने लिहीत आहे. पाळणाघराचे नाव व पत्ता मुद्दाम दिलेला नाही, कारण जिथे लहान मुले दिवसभर असतात त्या जागेचा ठावठिकाणा चव्हाट्यावर मांडू नये असा चालकबाईंचा आग्रह आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

एका जुन्या बंगल्याचा तळमजला, पुढे ओसरी, ओसरीला कमरेएवढे लाकडी फाटक आणि मागे बऱ्यापैकी मोठे अंगण अशी ही जागा आहे. रांगणाऱ्या बाळांची खोली वेगळी, चालत्या मुलांची वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये स्वयंपाकघर असल्यामुळे कोणत्याही खोलीत काय चालले आहे ते दुसऱ्या खोलीतून ऐकू येते. चालकबाईंना मुले आणि पालक दोघेही काकू म्हणतात. त्या पूर्वी बालवाडीत शिक्षिका होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांनी हे घर सुरू केले. बाहेरच्या खोलीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची छायाचित्रे आहेत. खेळण्यांत प्लास्टिक कमी आणि चिंचोके, शंख-शिंपले, लाकडी ठोकळे, कुंभाराकडची माती यांचा भरणा जास्त, अर्थात गिळता येईल अशी कोणतीही वस्तू बाळांच्या खोलीत येऊ दिली जात नाही. रंगीबेरंगी भिंती आणि इंग्रजी बालगीतांचा मोठा पडदा पाहण्याची सवय झालेल्या पालकांना ही जागा प्रथमदर्शनी जुनाट वाटण्याचा संभव आहे.

हिंजवडीतील माझ्या कार्यालयाच्या संकुलात पाळणाघर असताना मी घराजवळचे का निवडले, असे मला अनेकींनी विचारले आहे, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने खुलासा करते. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली आणि 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. या बंधनाची एक बाजू निश्चितच चांगली आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची सक्ती स्त्री कामगारांच्या संख्येवर बेतलेली होती, त्यामुळे बायका कमी नेमल्या की पाळणाघर टळत असे. नव्या तरतुदीत कर्मचारी स्त्री आहे की पुरुष हे पाहिले जात नाही. परंतु त्याच कलमात पुढे, दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याची मुभा द्यावी असे जे म्हटले आहे ती मुभा फक्त स्त्रीला आहे. म्हणजे पाळणाघर सर्व कर्मचाऱ्यांच्या हिशेबाने उभे राहते, आणि त्याच्याकडे धाव मात्र आईनेच घ्यायची असते.

व्यवहारात याचा परिणाम फार सरळ होतो. मूल माझ्या कार्यालयात असेल तर त्याला नेणे-आणणे, आजारी पडल्यास उचलून घरी नेणे, कपड्यांची पिशवी भरणे आणि तिथल्या सूचना लक्षात ठेवणे ही सर्व कामे आपोआप माझी होतात, कारण त्या इमारतीत प्रवेशाचे ओळखपत्र माझ्याकडे असते, नवऱ्याकडे नसते. शिवाय चांदणी चौकातून हिंजवडीपर्यंत वाहतुकीच्या रेट्यात सहा महिन्यांच्या बाळाला रोज दोनदा घेऊन जायचे, हा विचारही अंगावर काटा आणणारा होता. घराजवळच्या पाळणाघरातून मात्र बाबा आणू शकतो, सांगलीहून आलेले आजी-आजोबा आणू शकतात, अडचणीच्या वेळी शेजारच्या वहिनीही आणू शकतात. 2018 साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांसाठी ज्या किमान मार्गदर्शक सूचना काढल्या त्यांत पाळणाघर कामाच्या जागेजवळ किंवा राहत्या परिसरात, 500 मीटरच्या आत असावे असे म्हटले आहे. या दोहोंपैकी दुसऱ्या पर्यायाचा विचार कंपन्यांनी अधिक गांभीर्याने करायला हवा, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. काकूंच्या भिंतीवरच्या ज्या ताराबाईंनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्यांनीही मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडी आदिवासी पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली होती. 1969 पासून मोबाईल क्रेशेस ही संस्था बांधकामांच्या जागी, मजूर स्त्रियांच्या हाताशी पाळणाघरे चालवत आली आहे, त्यामागचे सूत्रही फार वेगळे नाही. बांधकामावरच्या बाईचे घर आणि कामाची जागा एकच असते, म्हणून तिच्यासाठी पाळणाघर तिथेच हवे. आमच्यासारख्यांची घरे आणि कार्यालये शहराच्या दोन टोकांना असतात आणि तिथे प्रश्न वेगळा होतो.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. मूल रुळवण्याची इथली पद्धत मला सर्वांत आवडली. रजा संपण्याच्या आदल्या दिवशी मूल आणून सोडलेले काकूंना चालत नाही. कामावर रुजू होण्याच्या किमान तीन आठवडे आधीपासून आईने किंवा वडिलांनी बाळासोबत येऊन बसावे, मग तासभर बाहेर जावे, मग दुपारपर्यंत, असा क्रम त्यांनी ठरवून दिलेला आहे. रजेचा हिशेब मांडणाऱ्या बाईला ही अट जाचक वाटते, हे खरे. 26 आठवड्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते, पण जी ती घेईल तिच्या पदरी बाळंतपणानंतर साडेचार महिनेसुद्धा उरत नाहीत, म्हणून कित्येक जणी नववा महिना सरेपर्यंत कामावर जातात. अशा रजेतले तीन आठवडे पाळणाघराच्या ओसरीवर बसून काढायचे जिवावर येते. तरीही ज्या दिवशी मी खरोखर कामावर गेले त्या दिवशी मुलगी मावशींच्या कडेवरून माझ्याकडे पाहून परत खुळखुळ्याकडे वळली, आणि मी फाटकाबाहेर उभी राहून रडले नाही, याचे श्रेय मी त्या तीन आठवड्यांनाच देते.

अंगावरच्या दुधाबाबतही इथे समजूतदारपणा आहे. मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजण्यासाठी दोनदा सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण मूल कोथरूडला आणि आई हिंजवडीला असेल तेव्हा त्या सुट्टीचा उपयोग पंपाने दूध काढून ठेवण्यासाठीच होतो. कार्यालयात त्यासाठी जी खोली मिळते तिच्या दाराला आतून कडी आहे की नाही, यावर बाईची निम्मी शांतता अवलंबून असते. पण तो या परीक्षणाचा विषय नाही. काकूंकडे शीतकपाटाचा एक कप्पा फक्त आईच्या दुधासाठी राखून ठेवला आहे, बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ लिहिलेली नसेल तर ती घेतली जात नाही, आणि दूध गॅसवर न तापवता कोमट पाण्यात बाटली धरूनच गरम केले जाते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर पेटीत बर्फाच्या पिशव्या तयार असतात. ‘वरचे दूध चालू करा की, किती दिवस हा खटाटोप करणार’ असे मला घरातल्या आणि घराबाहेरच्या वडीलधाऱ्यांनी ऐकवले, पण या घरात कोणी ऐकवले नाही. ज्या आया पहिल्यापासून वरचे दूध देतात त्यांनाही इथे कोणी काही ऐकवत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

जेवण पाळणाघरातच शिजते. नोकरदार आईच्या दृष्टीने या एका गोष्टीचे मोल शुल्काच्या निम्म्याइतके तरी धरावे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्यांवर दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषांचे 97 मिनिटे जातात, असे आढळले होते. हे तास कार्यालयाची वेळ सोडून उरलेल्या वेळातच कोंबावे लागतात, म्हणजे बहुतांशी पहाटे आणि रात्री. पाळणाघराने सकाळचा, दुपारचा आणि चारचा असे तीन डबे मागितले तर सकाळी साडेपाचला उठणाऱ्या बाईला पाचला उठावे लागते. इथे सकाळी नाचणीचे सत्त्व किंवा उपमा, दुपारी वरण-भात, तूप-लिंबू आणि एक मऊ शिजवलेली भाजी, चारला केळे, उकडलेले रताळे किंवा थालीपिठाचा तुकडा असा बेत असतो आणि आठवड्याचा तक्ता शनिवारीच कळतो. बाळांचे जेवण आधी, मिठाशिवाय काढून ठेवतात. तक्रार करायचीच तर अंडी मिळत नाहीत, आणि आषाढी-कार्तिकीला मोठ्या मुलांना साबुदाण्याची खिचडी मिळते, जिच्यात मुलांपेक्षा मावश्यांचा आनंद अधिक दिसतो.

कॅमेऱ्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. 2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचे चित्रण बाहेर आले, तेव्हापासून कॅमेरा नाही तर प्रवेश नाही अशी बहुतेक पालकांची भूमिका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. काकूंकडेही प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे, चित्रण काही आठवडे जपून ठेवले जाते, आणि कोणत्याही पालकाने मागितल्यास त्या शेजारी बसवून दाखवतात. परंतु पालकांच्या मोबाईलवर दिवसभर थेट दृश्य देण्यास त्यांचा ठाम नकार आहे. त्यांचे म्हणणे असे की, इतर मुलांचे कपडे बदलतानाचे, रडतानाचे दृश्य वीस घरांत दिसू नये. मला याहून वेगळे कारण महत्त्वाचे वाटते. माझ्या विभागातील एका मैत्रिणीचा मुलगा ज्या पाळणाघरात जातो तिथे थेट दृश्य मिळते. बैठक चालू असताना तिचा मोबाईल टेबलाखाली उघडा असतो, मुलगा कोपऱ्यात एकटा बसलेला दिसला की तिचे बोलण्यातले लक्ष उडते, आणि तो ठोकळे रचत होता हे संध्याकाळी कळते. तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्येही तीच सोय आहे. त्याने ती महिन्याभरात एखाद्या वेळी उघडली असेल. कार्यालयात बसून आठ तास देखरेखही करायची असेल तर पाळणाघराने जबाबदारी घेतली असे म्हणता येणार नाही. काकू दुपारी एकदा, जेवणानंतर, दोन ओळींचा निरोप पाठवतात: काय खाल्ले, किती झोपली, रडली असेल तर कशाने. छायाचित्र असलेच तर एखादे. एवढ्याने माझे भागते. ज्यांचे भागत नाही त्यांनी या पाळणाघराच्या वाटेला जाऊ नये, कारण काकू या बाबतीत बधत नाहीत.

त्यांचा दुसरा एक हट्ट मला अधिकच भावला. मुलगी वर्षाची असताना एकदा कार्यालयातून लवकर सुटका झाली, म्हणून साडेचारलाच मी तिला आणायला गेले. अंगणात ती इतरांबरोबर मातीत खेळत होती. काकूंनी फाटक उघडले नाही. “पैसे सातपर्यंतचे भरले आहेस ना?” त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. “मग घरी जा, तासभर पड, चहा घे आणि सहाला ये. ती मजेत आहे, तूच दमलेली दिसतेस.” मी घरी जाऊन खरोखर झोपले. पुढे कळले की हे त्या सगळ्यांनाच सांगतात, आयांना जरा जास्त. कार्यालय सुटल्याक्षणी मुलाकडे न पोहोचणारी आई म्हणजे काहीतरी चुकवणारी आई, असा जो धाक प्रत्येकीच्या मनात वर्षानुवर्षे बसलेला असतो तो कोणा समुपदेशकाच्या दोन भेटींत जात नाही. मूल सांभाळणारीच बाई जेव्हा रोखठोकपणे ‘झोप, मग ये’ म्हणते तेव्हा त्याला पहिल्यांदा तडा जातो. काकू पालकांना त्यांच्या स्वतःच्या नावाने हाक मारतात, ‘अमकीची आई’ म्हणून नव्हे, हेही याच वृत्तीचे लक्षण म्हणायला हरकत नाही. दर्शनी फलकावर जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा 108 आणि मुलांसाठीचा 1098 यांच्याबरोबरीने मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. बाळंतपणानंतरचे औदासीन्य ही पाळणाघराच्या चालकबाईंनी दखल घ्यायची गोष्ट आहे, असे मानणारे पाळणाघर मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

इतके चांगले लिहिल्यावर, ज्या गोष्टीमुळे पहिल्या वर्षी मला अक्षरशः मनस्ताप झाला तीही लिहिणे भाग आहे. प्रवेशअर्जात आईचा मोबाईल क्रमांक पहिला होता आणि त्यासमोर अनिवार्य अशी खूण होती. वडिलांचा क्रमांक त्याखाली, ऐच्छिक. निरोपांसाठी जो समूह होता त्यात फक्त आया होत्या. सुट्टीची सूचना, लसीच्या कार्डाची मागणी, उद्या पांढरे कपडे घालून पाठवा, दुपटी संपली, नखे कापून पाठवा, हे सर्व त्या समूहावर येत असे. माझा नवरा कोथरूडमध्येच, पाळणाघरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर काम करतो. एका दुपारी ग्राहकांबरोबरच्या बैठकीत मी बोलत असताना मावशींचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला.

“ताई, बाळाला ताप आलाय, न्यायला या.”

“बाबांना फोन केलात का? ते जवळच आहेत.”

“त्यांना कशाला त्रास, ताई. ते कामात असतील.”

मावशींच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, उलट काळजीच होती, आणि म्हणूनच मला काय बोलावे ते सुचले नाही. मी नवऱ्याला फोन केला, तो दहा मिनिटांत पोहोचला, आणि मी पुन्हा आत जाऊन बसले तोवर माझा विषय दुसऱ्या कोणी तरी आटोपून टाकलेला होता. नंतर विचार करताना असे जाणवले की, बाईच्या कामात येणारा व्यत्यय हा पाळणाघराच्या हिशेबी व्यत्ययच नसतो. याचा दोष एकट्या मावशींचा किंवा काकूंचाही नाही. बालरोगतज्ज्ञांची स्वागतिका, लसीकरणाची आठवण करून देणारे केंद्र, पुढे शाळेची बाई, सगळ्यांच्या वहीत पहिला क्रमांक आईचाच असतो. केंद्र सरकारच्या सेवेत बालसंगोपन रजा 730 दिवसांची आहे, ती प्रामुख्याने स्त्रियांसाठी; बापाला पितृत्व रजा 15 दिवसांची मिळते, आणि खासगी नोकरीत तर तीही कायद्याने बांधलेली नाही. तरीसुद्धा ज्या सेवेचे आपण महिन्याला पैसे मोजतो तिने तरी हा भार वाढवू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

मी काकूंशी बोलले. त्यांनी आधी हसण्यावारी नेले, बाबा लोक फोन उचलत नाहीत असा त्यांचा अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता. मग मी लेखी दिले की सोमवार ते बुधवार पहिला फोन वडिलांना आणि गुरुवार-शुक्रवारी मला करावा. बाळांच्या खोलीच्या दाराला तसा तक्ता लागला. मावशींच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. मधूनमधून ‘ताई, बाबांना केलाय हं फोन, पण म्हटलं तुम्हालाही सांगावं’ असा फोन येतच राहिला. पण पुढच्या वर्षीच्या अर्जात दोन्ही क्रमांक अनिवार्य झाले, समूहात वडील आले, आणि पहिल्या आठवड्यात त्यांतल्या एकाने ‘दुपटं म्हणजे नक्की कोणतं’ असा प्रश्न विचारून सर्वांची करमणूक केली. हा बदल पुरता झाला आहे असे म्हणवत नाही. वडिलांनी मुलाला आणले की आजही ओसरीवर ‘आज आई नाही आली?’ असे विचारले जाते. आईने आणले की ‘आज बाबा नाही आले?’ असे कोणी विचारत नाही.

आजारपणाचे नियम कडक आहेत. ताप उतरून पूर्ण एक दिवस झाल्याशिवाय मूल घेतले जात नाही, आणि पावसाळ्यात हाता-पायांवर आणि तोंडात फोड येणाऱ्या साथीच्या वेळी तर फोड सुकेपर्यंत घरीच ठेवावे लागते. पालक यावर चडफडतात, कारण पहिल्या वर्षात मूल वरचेवर आजारी पडते आणि दर वेळी कोणाची रजा जाणार यावरून घरात खटके उडतात. नियम योग्य आहे. मूल आजारी असताना ज्यांच्याकडे दुसरी कोणतीही व्यवस्था नाही त्यांनी मात्र तो आधी नीट समजून घ्यावा. दिवाळीत आठवडाभर, गणपतीत गौरी-विसर्जनापर्यंत आणि मे महिन्यात काही दिवस पाळणाघर बंद असते. खासगी नोकरीत यांतल्या निम्म्या सुट्ट्याही मिळत नाहीत.

मावश्यांचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. बहुतेक पाळणाघरांत सांभाळणाऱ्या बायका वरचेवर बदलतात आणि दर बदलात मूल पुन्हा रडायला लागते. इथल्या तिघीही आमच्या प्रवेशापासून त्याच आहेत. त्यांच्यापैकी एकीची मुलगी महापालिकेच्या शाळेत जाते. शाळा सुटली की ती इथेच येते, जेवते, अभ्यास करते आणि आईबरोबर घरी जाते. हे काकूंनी पहिल्या दिवसापासून मान्य केलेले आहे, आणि एका पालकाने ‘बाहेरची मोठी मुलगी बाळांत कशाला’ अशी हरकत घेतली तेव्हा त्यांनी त्या पालकालाच दुसरी सोय पाहायला सांगितले. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल त्या वेळी कुठे असते, हा प्रश्न आम्ही कामावर जाणाऱ्या बायका सहसा विचारत नाही. अंगणवाडी 1975 पासून आहे, पण ती काही तासांत सुटते आणि घरकाम, पाळणाघर किंवा कंपनीची सफाई करणाऱ्या बाईचा दिवस त्यानंतरही उरलेला असतो. मावशींचे मन थाऱ्यावर आहे म्हणून माझी मुलगी निवांत आहे, आणि म्हणून मी निवांत आहे. पगार वेळेवर होतो आणि वर्षाला वाढतो, असे मावशींनीच सांगितले.

शुल्क दोन वर्षांखालील मुलांसाठी महिना 11,000 रुपये आणि त्यावरच्यांसाठी 9,500 रुपये आहे, जेवण त्यातच. एक महिन्याची अनामत आणि सातनंतर प्रत्येक अर्ध्या तासाला 150 रुपये. साखळी पाळणाघरांच्या मानाने हे कमी आहे, घरी सांभाळायला बाई ठेवण्याच्या मानानेही कमीच, परंतु ज्या बाईचा पगार वीस-पंचवीस हजार आहे तिने निम्मा पगार इथे भरायचा, की नोकरीच सोडायची, हा पेच तिच्यापुढे राहतोच. ‘तुझा सगळा पगार तर पाळणाघरालाच जातो’ हे वाक्य मीही ऐकलेले आहे. पाळणाघराचा खर्च फक्त आईच्या पगारातून का वजा करायचा, हे सांगणाऱ्याने अजून समजावून दिलेले नाही.

ज्यांच्या कामाच्या वेळा फिरत्या आहेत, रात्रपाळी आहे किंवा शनिवारी काम असते, त्यांच्यासाठी हे ठिकाण नाही. ज्यांना मुलाने दोन वर्षांचे असताना इंग्रजी अक्षरे म्हणावीत असे वाटते त्यांचीही इथे निराशा होईल. ज्यांना शांत, घरगुती, नियमांचे पक्के आणि आईकडे माणूस म्हणून पाहणारे पाळणाघर हवे आहे त्यांनी मात्र जरूर पाहावे, आणि पाहायला सकाळी अकराला न जाता संध्याकाळी साडेपाचला जावे, कारण दमलेली मुले आणि दमलेल्या मावश्या एकमेकांशी कशा वागतात ते तेव्हाच दिसते. बाळांच्या खोलीतल्या जागा मोजक्याच असल्याने रजा संपायच्या तीन-चार महिने आधीच नाव घालावे, आणि नाव घालायला जाताना मुलाच्या वडिलांनाही बरोबर न्यावे, कारण काकू आता दोघांच्या सह्या असल्याशिवाय अर्ज घेत नाहीत.